तांबी: तीनदा बरी झाली, तीनदा पुन्हा आजारी पडली. काय बघायचं राहतंय?

अंगणवेल

नमस्कार. इथले कोंबड्यांवरचे धागे खूप दिवस वाचते आहे, लिहिते आज पहिल्यांदा. लांबेल, पण एखादा तपशील गाळला आणि नेमका तोच कामाचा निघाला असं नको, म्हणून सगळं सांगते.

माझ्याकडे तीन कोंबड्या आहेत: काळी, ठिपकी आणि तांबी. विकायला नाहीत, घरच्या आहेत. तिघी एका वयाच्या, तलंगा (अंड्यावर यायच्या आधीच्या तरुण कोंबड्या) असताना आणलेल्या, आता अडीच वर्षांच्या. दिवसभर घराभोवती मोकळ्या फिरतात, संध्याकाळी आपापल्या खुराड्यात जातात. अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, थोडं धान्य, हिरवा पाला, चोवीस तास स्वच्छ पाणी.

तांबी तिघींत शेवटची. खाद्य टाकलं की आधी काळी, मग ठिपकी, मग ही. पण माणसाला सगळ्यात जास्त चिकटलेली हीच. माझी मुलगी अभ्यासाला बसली की तिच्या पायाशी येऊन बसते.

साडेतीन महिन्यांपूर्वी एका सकाळी ती खुराड्यातून बाहेरच आली नाही. पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून उभी. बसण्याच्या दांडीखाली नुसत्या पापुद्र्याचं अंडं पडलेलं, कवच नाहीच. तुरा फिकट, शिट हिरवी आणि पातळ. दोन दिवसांनी चाल बदलली. लंगडत होती असं नाही, पाय अडखळत टाकायची, चार पावलं चालून बसायची. घरात खोक्यात वेगळी ठेवली, डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. आठवड्यात बरी झाली. खायला लागली, मी परत सोडली.

तीन आठवड्यांनी तेच सगळं पुन्हा. या वेळी पाच दिवस अँटिबायोटिक. पुन्हा बरी. मग महिन्याभराने तिसऱ्यांदा. तेव्हा कॅल्शियमचं औषध सुरू केलं, बरी झाली, बाहेर सोडली. आणि परवापासून चौथ्यांदा तीच पिसं फुगवून उभी आहे.

वजन १८५० ग्रॅम होतं, काल १४९० भरलं. छातीचं मधलं हाड हाताला सुरीच्या पात्यासारखं लागतं. शिंक, घरघर, डोळ्यांत फेस यातलं काहीच नाही. काळी आणि ठिपकी ठणठणीत.

मुलगी रोज विचारते, आई, तांबी मरणार का? मला उत्तर देता येत नाही. कुणी असं पाहिलं असेल तर कृपया लिहा.

मृगधारा

अगं, पीस बदलण्याचा काळ तर नाही ना? दिवस लहान व्हायला लागले की बऱ्याच कोंबड्या पिसं टाकतात, दोन-तीन महिने अंडी बंद होतात, तुरा फिकट पडतो. पिसं जवळजवळ सगळी प्रथिनांचीच असतात, त्यामुळे अंग उतरतंही. माझ्या कोंबड्या त्या दिवसांत अगदी केविलवाण्या दिसतात.

जुनाखुराडा

पिसं बदलताना कोंबडी अडखळत चालत नाही, मृगधाराताई. आणि साडेतीनशे ग्रॅमच्या वर वजनही असं झपाट्याने उतरत नाही.

अंगणवेलताई, पापुद्र्याचं अंडं म्हटलं की मी पहिल्यांदा कॅल्शियम बघतो. एका कवचात दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम जातं. ते चढायला कोंबडीच्या पोटात वीसेक तास लागतात, आणि त्यातला बराचसा वेळ रात्रीचा. दिवसा खाल्लेलं कमी पडलं की ती स्वतःच्या हाडांतून काढते. असं महिनोन्महिने चाललं तर हाडं पोकळ होतात, पाय लटपटतात. तुमची लक्षणं त्यात बसतात. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवता का? खाद्यात मिसळू नका, वेगळा ठेवा, लागेल तेवढा ती स्वतः उचलते. अंडी न घालणाऱ्या कोंबडीला जबरदस्तीने कॅल्शियम दिलं तर मूत्रपिंडं खराब होतात, तेही लक्षात असू द्या.

अंगणवेल

काका, शिंपल्यांचा चुरा पहिल्यापासून वेगळ्या भांड्यात आहे. तिघी खातात. तांबी तर जास्तच. कॅल्शियम कमी असतं तर तिघींनाही त्रास व्हायला हवा होता ना? मृगधाराताई, पिसं एकही गळलेलं नाही.

पिसारा

मी बारा वर्षं कोंबड्या पाळते आहे आणि त्यातल्या तीन गमावल्या त्या अंड्याच्या वाटेच्या आजारांनी. त्यामुळे हे आधी तपासून घ्या, घाबरवायला सांगत नाही.

अडीच वर्षांची, भरपूर अंडी दिलेली कोंबडी. या वयात अंडनलिकेचे त्रास सुरू होतात. कधी बलक नलिकेत न शिरता पोटातच पडतो आणि तिथे सडतो. कधी नलिकेला सूज येऊन आत पुवाचे थर साचतात. अंडाशयाचा कर्करोगही कोंबड्यांत इतका आढळतो की माणसाच्या त्या आजाराचा अभ्यास करायला शास्त्रज्ञ कोंबडीच वापरतात.

बघायचं असं. संध्याकाळी, अंधार पडल्यावर उचला, तेव्हा त्या शांत असतात. पायांच्या मधे, मागच्या बाजूला पोटावर तळवा ठेवा. निरोगी पोट मऊ आणि लवचीक लागतं. पाण्याच्या फुग्यासारखं लागलं तर आत द्रव आहे. कणकेच्या गोळ्यासारखं घट्ट लागलं तर आत काहीतरी साचलंय. सरळ उभी राहून शेपटी वरखाली करत कुंथत असेल तर अंडं अडकलंय, मग एक दिवसही थांबू नका, डॉक्टरकडे न्या.

दुसरं, गळ्याखालची खाद्याची पिशवी. रात्री झोपताना ती भरलेली असायला हवी आणि सकाळी खाण्याआधी रिकामी. सकाळीही भरलेली आणि पिलपिलीत असेल, तोंडाला आंबट वास येत असेल, तर अन्न पुढे सरकत नाहीये. तिला उलटी धरून ओकवायला कुणी सांगेल, ते मात्र करू नका. श्वासनलिकेत पाणी जाऊन जागच्या जागी मेलेल्या कोंबड्यांबद्दल मी इथेच वाचलंय.

तिसरं, रात्री टॉर्च घेऊन खुराड्याच्या फटी आणि दांडीची खालची बाजू बघा. लाल गोचिडांसारखे बारीक किडे दिवसा तिथे लपतात, रात्री रक्त पितात. फिकट तुऱ्यामागे बरेचदा तेच असतात, आणि दिवसा कोंबडीच्या अंगावर एकही सापडत नाही. गुदाभोवतीची पिसंही बाजूला करून बघा, कारण दुसऱ्या जातीचे किडे तिथेच मुक्काम करतात.

आणि वजन रोज सकाळी, खाण्याआधी, एकाच वेळी करून वहीत लिहा. कोंबडी आजार शेवटपर्यंत लपवते, वजन मात्र तिला लपवता येत नाही.

चिमणचारा

मागचं अँटिबायोटिक उरलं असेल तर तेच अजून पाच दिवस द्या. एकदा गुण आला म्हणजे जंतूच आहेत. कोर्स अर्धवट राहिला असेल.

पिसारा

चिमणचारा, तुम्ही मदत करायच्या हेतूने लिहिलंय हे कळतंय, पण कृपया हा सल्ला देऊ नका. जंतुसंसर्ग आहे हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. उरलेलं औषध वजनाचा हिशेब न करता दिलं की जंतू औषधाला निगरगट्ट होतात. शिवाय अनेक औषधांचे अंश अंड्यात उतरतात आणि घरातली मुलं ती अंडी खातात. काही औषधं तर अंड्यावरच्या कोंबडीला द्यायचीच नसतात.

रानवाट

अंगणवेल, मला लिहायला जड जातंय, पण अडखळती चाल वाचून राहवलं नाही. माझी एक तलंग अशीच सुरू झाली होती. एक पाय पुढे, एक मागे, असं पसरून बसायची. मॅरेकचा आजार निघाला. विषाणूचा आहे, पिसांच्या कोंड्यातून पसरतो, उपाय नाही. पहिल्या दिवशी पिल्लाला लस दिली तर गाठी आणि लकवा टळतो, पण विषाणू अंगात शिरायचा थांबत नाही. डोळ्याची बाहुली वेडीवाकडी किंवा राखाडी झाली आहे का बघा. मी दीड महिना तिला हाताने भरवलं. शेवटी निरोप द्यावा लागला. तुमच्या तांबीचं तसं नसावं अशी मनापासून इच्छा आहे.

जुनाखुराडा

रानवाट, मॅरेक बहुतेक लहान वयात गाठतो, दीड महिन्यापासून सहा-सात महिन्यांपर्यंत. अडीच वर्षांच्या कोंबडीला अजिबात होत नाही असं म्हणणार नाही, पण त्यातली कोंबडी तीनदा पूर्ण बरी होत नाही. मानमोडी (राणीखेत) सुद्धा नाही. ती असती तर एव्हाना बाकीच्या दोघीही झोपल्या असत्या.

तुमच्या तलंगेबद्दल वाईट वाटलं. दीड महिना हाताने भरवणं सोपं नसतं.

अंगणवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. पिसाराताई, तुम्ही सांगितलेलं एकेक केलं.

पोट मऊ आहे. पाणी नाही, गोळा नाही. खाद्याची पिशवी सकाळी जवळजवळ रिकामी, अगदी थोडं राहतं. किडे दोन रात्री शोधले, दांडीखाली पांढरा कागद चिकटवूनही पाहिला, एकही नाही. बाहुल्या गोल आणि स्वच्छ. रानवाट, तुमचा प्रतिसाद वाचून रडू आलं.

शिट तपासून आणली. जंत नाहीत. रक्ती हगवणीच्या सूक्ष्म परजीवींची थोडी अंडी दिसली, पण एवढी मोठ्या कोंबडीत असतातच, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की पक्षी हा त्यांचा विषय नाही, ते मुख्यतः गायी-म्हशी बघतात. नुसत्या अंदाजाने अजून एक औषध त्यांनी दिलं नाही, याबद्दल मला त्यांचं कौतुक वाटतं.

वहीत मागचं सगळं आठवून मांडलं:

पहिली वेळ: ११ दिवस आजारी. घरात खोक्यात ९ दिवस. जंताचं औषध. बरी.
दुसरी वेळ: घरात ८ दिवस. अँटिबायोटिक. बरी.
तिसरी वेळ: घरात १२ दिवस. कॅल्शियम. बरी, वजनही थोडं वाढलं.
आता चौथी: कालपासून घरात. आज सकाळी स्वतःहून चार दाणे टिपले.

वेगळी ठेवली तरी बाकीच्या दोघी जाळीतून दिसतील अशीच ठेवते, नाहीतर परत सोडल्यावर टोचून हैराण करतात.

हिरवीवाट

मी पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत बरीच वर्षं नोकरी केली, आता निवृत्त आहे. धागा पहिल्यापासून वाचला.

तुमच्या वहीतली औषधं झाकून फक्त बाकीचं वाचा. तीन वेळा तीन वेगवेगळी औषधं, एकमेकांशी काही संबंध नसलेली, आणि तिन्ही वेळा गुण. जंताच्या औषधाने, अँटिबायोटिकने आणि कॅल्शियमने एकच आजार बरा होत नसतो. तिन्ही वेळा सारखी गोष्ट एकच आहे: ती घरात होती. आणि चौथ्या वेळी तर कुठलंच औषध न देता एका दिवसात टिपायला लागली.

म्हणून मी तांबीला काय झालंय हे विचारणार नाही. बाहेर असं काय आहे जे घरात नाही, ते शोधा. शिवाय ते काळी आणि ठिपकीला भेटत नाही, किंवा फार कमी भेटतं, आणि हिला रोज भेटतं.

उद्या शक्य असेल तर बाकीच्या दोघींवर दिवसभर नजर ठेवा आणि तांबी रोज नेमकी कुठे असायची ते आठवा. कुठे उकरते, कुठे धुळीत लोळते, कुठलं पाणी पिते, काय टिपते. बांधकामाचा राडा, जुने तारांचे तुकडे, खिळे, बॅटऱ्या, उंदरांचं औषध, फवारणीचे डबे, रंग, जे दिसेल ते लिहा.

मृगधारा

टोचणंही असू शकतं ना? घरात तिला कुणी त्रास देत नाही म्हणून बरी होते, बाहेर दोघी खाऊ देत नाहीत म्हणून खंगते.

हिरवीवाट

शंका रास्त आहे. पण नुसती उपासमार असती तर चाल अडखळली नसती. तरीही अंगणवेलताईंनी खाद्याची दोन भांडी लांब-लांब ठेवून बघावं, त्यात तोटा काहीच नाही.

अंगणवेल

हे लिहिताना हात थरथरतोय.

दोघी अंगणाच्या मधल्या मोठ्या खड्ड्यात लोळतात. तांबीला तिथे येऊ देत नाहीत, आली की काळी हुसकावते. म्हणून ती घराच्या मागच्या भिंतीला लागून, खिडकीखालच्या कोरड्या पट्ट्यात लोळते. तिचा खड्डा तिथेच आहे. मी आणि मुलीने तो बघायला माती चाळली. मातीत पांढरे-हिरवट पापुद्रे आहेत, नखाएवढे आणि त्याहून बारीक.

हे घर माझ्या आजोबांच्या काळातलं. पाच महिन्यांपूर्वी मागच्या खिडक्यांच्या चौकटी खरवडून नवीन रंग दिला. जुन्या रंगाचे किती थर होते काय सांगू. कामगारांनी मोठा कचरा उचलला, बारीक तिथेच मातीत मिसळला. मला त्या वेळी काहीच वाटलं नाही.

हिरवीवाट, हे शिसं आहे का?

हिरवीवाट

तपासल्याशिवाय खात्री देणार नाही, पण माझ्या मनात पहिल्यापासून तेच होतं. जुन्या रंगांत पांढरं शिसं सर्रास असायचं. इमारतींच्या आतल्या रंगकामात ते वापरू नये असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार १९२१ सालीच झाला, कारण रंगारी आजारी पडत होते. तरीही शिशाचे रंग पुढे कित्येक दशकं विकले गेले. त्यामुळे जुन्या घराचे खालचे थर संशयास्पदच धरायचे.

कोंबडीचं काय होतं ते सांगतो, म्हणजे लक्षणांचा मेळ लागेल. तिला दात नाहीत. पेषणीत, म्हणजे पोटातल्या दळणाऱ्या पिशवीत, खडे साठवून ती त्यांनी दाणे दळते, म्हणून टणक, बारीक, चमकदार कण मुद्दाम शोधून गिळते. रंगाचा पापुद्रा तिच्या लेखी एक खडाच. तो पेषणीत अडकतो, आम्लात रोज थोडा-थोडा विरघळतो आणि रक्तात जातो.

शरीराला शिसं आणि कॅल्शियम यांतला फरक नीट कळत नाही. अंड्यावरची कोंबडी आतड्यातून कॅल्शियम ओढून घ्यायला टपलेलीच असते, त्याच वाटेने शिसं आत येतं आणि हाडांत जाऊन बसतं. कवच बनवायला हाड झिजवलं की तिथलं शिसं पुन्हा रक्तात सुटू शकतं. रक्त कमी होतं, म्हणून तुरा फिकट. नसांवर परिणाम होतो, म्हणून अडखळणं. भूक मरते, म्हणून हिरवी शिट. पोटात अन्न नसलं की नुसतं पित्त उतरतं. कवचाचं काम बिघडतं ते वेगळंच. ती चुरा सगळ्यात जास्त खाते म्हणालात, त्याचंही कारण हेच असू शकतं.

आता लगेच करायच्या गोष्टी. तिघींनाही त्या पट्ट्यापासून आजच दूर करा. पक्ष्यांच्या डॉक्टरकडे नेऊन एक्स-रे आणि रक्तातलं शिसं, दोन्ही करा. एक्स-रेत धातूचे कण ठिपक्यांसारखे पांढरेशुभ्र दिसतात, पण रंगाचे बारीक कण कधी दिसतही नाहीत, म्हणून एक्स-रे कोरा आला तरी रक्त टाळू नका. रक्त काळी आणि ठिपकीचंही द्या. लक्षणं नाहीत याचा अर्थ शिसं नाही असा होत नाही.

आणि अंडी थांबवा. तिघींची. शिसं बलकात उतरतं. शिजवल्याने ते जात नाही, तो जंतू नाही. तुमची मुलगी ही अंडी खात असेल आणि त्या मातीत हात घालत असेल, तर तिचं रक्तही तिच्या डॉक्टरांना सांगून तपासून घ्या. मुलांसाठी शिशाची कुठलीही पातळी सुरक्षित मानत नाहीत. घाबरू नका, पण उशीर करू नका.

चिमणचारा

हे वाचून मी आत्ता जाऊन आमच्या खुराड्यामागची माती बघून आलो. जुन्या दाराची फळी तिथे टेकवून ठेवली होती, रंग सुटलेला. काढली. धन्यवाद हिरवीवाट. आणि पिसाराताई, औषधाचं तुमचं म्हणणं पटलं, मी तसं लिहायला नको होतं.

जुनाखुराडा

एक प्रश्न. मग कॅल्शियम द्यायचं की बंद करायचं? मी ते द्यायला सांगितलं होतं, म्हणून मनाला लागलंय.

हिरवीवाट

काका, मनाला लावून घेऊ नका. कॅल्शियम कमी पडलं तर आतडं शिसं जास्त ओढतं. त्यामुळे शिंपल्यांचा चुरा समोर ठेवणं बरोबरच आहे. त्याने शिसं बाहेर निघत नाही, एवढंच.

अंगणवेल

नऊ दिवसांनी लिहितेय. सगळे वाट बघताय हे माहीत आहे, पण धावपळीत जमलं नाही.

पक्ष्यांच्या डॉक्टर दूर भेटल्या, पण भेटल्या. एक्स-रेत पेषणीच्या जागी सात पांढरे ठिपके आहेत. मुलीने मोजले. रक्तात शिसं १०० मिलिलिटरला ४८ मायक्रोग्रॅम. डॉक्टर म्हणाल्या, पक्ष्यांत २० च्या वर गेलं की शिशाचा संशय घ्यायचा. ठिपकी ११, काळी ९. त्या दोघी इतक्या धडधाकट दिसतात की त्यांच्या रक्तातही ते असेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं.

तांबीला कॅल्शियम ईडीटीएची इंजेक्शनं सुरू आहेत. हे औषध रक्तातलं शिसं पकडून मूत्रपिंडावाटे बाहेर काढतं. पाच दिवस द्यायचं, मग विश्रांती, मग पुन्हा रक्त. मूत्रपिंडावर ताण येतो म्हणून पाणी भरपूर पाजायचं, आणि ती प्यायली नाही तर ड्रॉपरने चोचीच्या कडेला थेंब-थेंब. घशात ओतायचं नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं. काळी आणि ठिपकीला औषध नको म्हणाल्या, फक्त जागा बदला आणि दोन महिन्यांनी रक्त बघू. मोठे खडे खायला दिले आहेत, म्हणजे पेषणीतले कण पुढे सरकायला मदत होईल.

पहिली तीन इंजेक्शनं झाली तेव्हा ती आणखी मलूल झाली होती, त्या रात्री मी तिच्या खोक्याशेजारी झोपले. पाचव्या दिवशी सकाळी तिने मला बघून आवाज काढला, तो तिचा नेहमीचा, खाद्य मागतानाचा. मुलगी धावत आली.

मुलीचंही रक्त तपासलं. शिसं आढळलं, थोडं. तिच्या डॉक्टरांनी औषध दिलं नाही. कारण बंद करा, खाण्यात लोह आणि कॅल्शियम नीट जाऊ द्या, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, असं सांगितलं. मी त्या दिवशी घरी येऊन किती वेळ नुसती बसून राहिले ते सांगता येत नाही. तांबी आजारी पडली नसती तर आम्हाला हे कधी कळलंच नसतं.

रानवाट

अंगणवेल, तुझ्या त्या रात्रीची मला पूर्ण कल्पना आहे. लेकीला आणि तांबीला खूप प्रेम.

पिसारा

डोळे भरून आले. आणि कबूल करते, मी शिशाचा विचारच केला नव्हता. बारा वर्षांत कोंबडीचं आतलं सगळं बघायला शिकले, पण ती कुठे लोळते हे कधी कुणाला विचारलं नाही. माझ्या पुढच्या प्रत्येक सल्ल्यात हा प्रश्न पहिला असेल.

मातीचं काय करताय? नुसती वरची उकरून काढली तर धूळ उडेल.

हिरवीवाट

तेच सांगायला आलो. झाडू मारू नका, कोरडी माती खोदू नका. आधी पाणी शिंपडून ओली करा, तोंडाला चांगल्या प्रतीचा मास्क, हातमोजे, आणि काम झाल्यावर ते कपडे वेगळे धुवा. मुलीला त्या दिवशी घराबाहेर ठेवा. शिसं मातीत वरच्या थरातच राहतं, सहसा खोल उतरत नाही. पण कुजत नाही की नाहीसंही होत नाही. वर्षानुवर्षं तिथेच बसतं. म्हणून माती काढून सुरक्षित जागी टाकायची, किंवा तो पट्टा फरशीने कायमचा झाकायचा. काढलेली माती बागेत पसरू नका. अंडी खतातही टाकू नका, शिसं फिरून तुमच्याच मातीत येईल.

आणि भिंतीला लागून भाजी लावू नका, मुळांची आणि पाल्याची तर नकोच.

मृगधारा

एक विचारू? रंगाशिवाय अजून कशात असतं हे? आमच्याकडे रंगाचा प्रश्न नाही, पण आता प्रत्येक वस्तूकडे संशयाने बघतेय.

हिरवीवाट

मासे पकडायच्या गळाची वजनं, बंदुकीचे छर्रे, पडद्याच्या काठात शिवलेली वजनं, जुन्या बॅटऱ्या, डाग देण्याची (सोल्डरची) तार. शिशाइतकाच जस्ताचाही विचार करा. जस्ताचा मुलामा दिलेली नवी जाळी लावताना तारेची टोकं कापली जातात, ती कोंबड्या टिपतात. जाळी लावून झाली की जमिनीवर चुंबक फिरवा, मुलाम्याखाली लोखंड असल्याने तुकडे लगेच चिकटतात. शिसं मात्र चुंबकाला लागत नाही, ते डोळ्यांनीच शोधायचं.

अंगणवेल

धागा वर काढतेय. अडीच महिने झाले.

इंजेक्शनांच्या दोन फेऱ्या झाल्या. तांबीच्या रक्तात आता १४. एक्स-रेत एकच ठिपका उरलाय. वजन आज सकाळी १७६०. चालताना अजून कधीतरी डावा पाय किंचित ओढते, डॉक्टर म्हणाल्या तो पूर्ण सुटेल असं वचन देता येत नाही. हाडांतलं शिसं हळूहळू सुटत राहणार, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी रक्त बघायचं. ठिपकी आणि काळी दोघींचं पाचच्या खाली आलं. मुलीचंही कमी झालं, हे कळलं तेव्हा पहिल्यांदा पोटभर झोपले.

मागचा पट्टा फरशीने बंद केला. उरलेल्या चौकटींचा जुना रंग खरवडून न काढता वरून नवा थर देऊन झाकून टाकला. अंगणात दोन नवे धुळीचे खड्डे केले आहेत, बाहेरून आणलेल्या स्वच्छ मातीचे आणि वाळूचे, एकमेकांपासून बरेच लांब. काळी एकाच वेळी दोन्ही राखू शकत नाही.

गेल्या मंगळवारी तांबीने अंडं घातलं. कवच पूर्ण, टोकाला थोडं खडबडीत. खायचं नाही, टाकून द्यायचं हे मुलीला माहीत होतं. तरी तिने ते आधी हातात घेतलं, बोटाने वाजवून पाहिलं, वहीत तारीख लिहिली, हात धुतले आणि मग माझ्याकडे आणून दिलं. तांबी आत्ता लांबच्या खड्ड्यात आहे. अर्धी मातीखाली, एक पंख वर.